चुकलेलं नाणं कसं ओळखायचं: नाशिकच्या नव्या संग्राहकांसाठी

रामकुंडाच्या पाण्यात उतरून भाविकांनी टाकलेली नाणी शोधणारी मुलं नाशिककरांना नवी नाहीत. त्यांच्यातल्याच एकाने मागे मला चार आण्याचं एक नाणं आणून दाखवलं. पातळ, हलकं, अक्षरं पुसट, कड जवळजवळ गेलेली. "काका, हे एरर आहे ना? बघा किती पातळ आहे." त्या बनावटीच्या तांबे-निकेलच्या चार आण्याचं वजन २.५ ग्रॅम असायला हवं. माझ्या काट्यावर ते त्याहून बरंच कमी भरलं. पण भिंगाखाली धरल्यावर दिसलं, की सबंध पृष्ठभागावर बारीक खड्डे आहेत आणि उंच भाग जास्त झिजलेत. गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या, पाण्याने आणि वाळूने ते खाल्लं होतं. संग्राहक ज्याला एरर म्हणतात ते नाणं टाकसाळीतच चुकलेलं असतं. हे मात्र तिथून धडधाकटच निघालं होतं.

मुलगा हिरमुसला. पण त्याने पुढे विचारलेला प्रश्न मला फार आवडला: "मग खरं एरर असतं तर ते कसं दिसलं असतं?" त्याला मी जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो आहे. नाण्यावर जे काही वेगळं दिसतं, त्याबद्दल एकच विचारायचं: हे टाकसाळीत नेमकं कोणत्या टप्प्यावर घडू शकलं असतं? टप्पा सांगता आला तर पुढे तपासायचं. सांगता येत नसेल, तर ते नाणं बहुधा बाहेर आल्यावर बिघडलं आहे किंवा कुणीतरी बिघडवलं आहे.

आधी टाकसाळ डोळ्यांसमोर आणा

नाशिकमध्ये एक गैरसमज नेहमी भेटतो. घरातलं कुणी ना कुणी प्रेसमध्ये असतं, त्यामुळे नाणीही नाशिकरोडलाच बनतात असं पुष्कळांना वाटतं. नाशिकरोडला नोटा छापतात, मुद्रांक आणि पासपोर्टही छापतात, पण नाणी पाडली जात नाहीत. भारतात टाकसाळी चार: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. वर्षाच्या खाली बारीक हिऱ्यासारखी खूण दिसली तर मुंबई, तारा दिसला तर हैदराबाद, गोल ठिपका दिसला तर नोएडा आणि काहीच नसेल तर कोलकाता. काही वर्षांत या खुणा थोड्या बदलल्या आहेत, पण सुरुवातीला एवढं पुरे.

आता काम कसं चालतं ते बघा. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापल्या जातात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात आणि स्वच्छ करतात. एक यंत्र चकतीची कड दाबून जराशी उचलतं. नाण्याला जी उंच किनार असते तिचा पाया इथे पडतो. मग चकती दाबयंत्रात जाते. खाली एक ठसा (डाय), वर दुसरा ठसा आणि भोवती पोलादी कडं, ज्याला सगळे कॉलर म्हणतात. एका दणक्यात दोन्ही बाजूंचं चित्र उमटतं, धातू पसरू पाहतो आणि कॉलर त्याला अडवते. कडेच्या खाचाही तिथेच पडतात. शेवटी तपासणी, मोजणी आणि पिशव्या.

म्हणजे चूक तीन जागी होऊ शकते: चकतीत, ठशात किंवा दणक्याच्या क्षणी. हे तीन शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सामान

दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा आणि व्यास मोजायला व्हर्नियर. बाजूने प्रकाश टाकता येईल असा दिवा हवा, डोक्यावरच्या ट्यूबलाइटमध्ये उठाव आणि खोलगटपणा यांतला फरक कळत नाही. टेबलावर जुना मऊ रुमाल अंथरा, म्हणजे हातातून निसटलं तरी नाण्याला मार बसत नाही.

नाणं नेहमी कडेने धरायचं. आणि धुवायचं नाही. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावायचं नाही. देवघरातली तांब्याची भांडी आपण ज्या प्रेमाने घासतो त्याच प्रेमाने अनेकांनी आपली चांगली नाणी मारली आहेत. टाकसाळीची मूळ झळाळी एकदा गेली की परत येत नाही, आणि चूक खरी आहे हे सिद्ध करायला तीच झळाळी पुढे लागते.

सगळ्यात महत्त्वाचं सामान म्हणजे साधी, बरोबर नाणी. प्रत्येक प्रकारातली चार-पाच चांगली नाणी वेगळी काढून ठेवा. बरोबर नाणं कसं दिसतं हे डोळ्यांत बसल्याशिवाय चुकलेलं नाणं दिसत नाही. मी नव्या माणसाला पहिला महिना फक्त चिल्लर बघायला सांगतो. भाजीवाल्याकडची, रिक्षाची, किराणा दुकानातली, मिळेल ती.

तपासणीचा क्रम

नाणं हातात आलं की आधी त्याचा प्रकार पक्का करा: किती रुपयांचं, कोणत्या वर्षाचं, कोणत्या टाकसाळीचं. मग वजन आणि व्यास. रोजच्या नाण्यांचे आकडे पाठ झालेले बरे. २०११ च्या मालिकेतलं दोन रुपयांचं नाणं ४.८५ ग्रॅम आणि २५ मिमी. त्याच मालिकेतलं पिवळं पाच रुपयांचं ६ ग्रॅम आणि २३ मिमी, तर त्याआधीचं जाडजूड तांबे-निकेलचं पाच रुपयांचं ९ ग्रॅम. दहाचं दोन धातूंचं ७.७१ ग्रॅम, २७ मिमी. वीसचं बारा बाजूंचं ८.५४ ग्रॅम. इंग्रजांच्या काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम. थोडा फरक झिजेमुळे पडतोच, त्यावर उडी मारू नका.

त्यानंतर नाणं पुस्तकाचं पान उलटावं तसं उभ्या अक्षावर फिरवा. स्वतंत्र भारताच्या नाण्यांत एका बाजूचे सिंह सरळ असतील तर मागची बाजूही सरळच दिसली पाहिजे. ती तिरकी किंवा उलटी दिसली तर दोन ठशांपैकी एक यंत्रात फिरलेला होता. यालाच डाय रोटेशन म्हणतात. पाच-दहा अंशांचा फरक किरकोळ समजतात. नव्वद किंवा एकशेऐंशी अंश फिरलेलं मिळालं तर जपून ठेवा. नव्या माणसाला स्वतःच्या चिल्लरीत मिळण्यासारखी ही सगळ्यात चांगली चूक आहे, आणि घरी बसून ती खोटी बनवणंही सोपं नाही.

मग भिंग. इथे एक नियम कामाला येतो. ठशात जे खोदलेलं असतं ते नाण्यावर उंच उमटतं. त्यामुळे ठसा तडकला, तर त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर *उंच* रेघ येते. ठशाला बाहेरून ओरखडा पडला, तरी नाण्यावर रेघ उंचच. म्हणून नाण्यावर खोल गेलेली रेघ दिसली की निम्मा निकाल लागला: तो बहुधा बाहेरचा ओरखडा आहे, किंवा फार तर चकतीतला दोष. बोटाने कळत नसेल तर दिवा डावीकडून उजवीकडे फिरवा आणि सावली कुठल्या बाजूला पडते ते बघा.

ठशाच्या चुका

पोलादी एक-दोन रुपयांच्या नाण्यांवर तडकलेल्या ठशाच्या उंच रेघा सापडतात. पोलाद कठीण, त्यामुळे ठशाला ताण जास्त. रेघ सहसा कडेपासून निघते, अक्षरांवरून, चित्रावरून सलग जाते. ठशाचा कडेचा तुकडाच निखळला, तर तिथे धातूचा फुगीर गोळा येतो आणि त्याच्यासमोर, मागच्या बाजूला, चित्र थोडं मलूल होतं. कारण दणक्याच्या वेळी धातू त्या रिकाम्या जागेत ओढला जातो. हा गोळा खरा की वरून डिंक, शिसं लावून बनवलेला, हे त्या मागच्या मलूल भागावरून कळतं.

अक्षर गायब असणं फार साधारण गोष्ट आहे. ठशाच्या खाचेत ग्रीस आणि धूळ बसते, आणि एखादा आकडा किंवा अक्षर उमटतच नाही. अशा जागेचा पृष्ठभाग आजूबाजूसारखाच नितळ असतो. कानस लावून अक्षर घालवलं असेल तर भिंगाखाली समांतर ओरखडे दिसतात.

दुहेरी अक्षरांबद्दल मात्र सावध राहा. इथे सगळ्यात जास्त नवखे फसतात. ठसा बनवतानाच चित्र दोनदा, थोडं सरकून उमटलं तर त्या ठशाच्या प्रत्येक नाण्यावर दुहेरी अक्षर येतं. ही दुसरी प्रतिमा गोलसर आणि भरीव असते, आणि अक्षराच्या टोकाला दोन टोकं वेगळी दिसतात. त्याउलट दणका बसताना ठसा थरथरला, तर अक्षराच्या कडेला चपटी, सपाट पायरी तयार होते. अशी चपटी पायरी हजारो नाण्यांवर असते आणि संग्राहक तिला मोल देत नाहीत. मला पाठवलेल्या दहा 'डबल छाप' फोटोंपैकी जवळजवळ सगळे या दुसऱ्या जातीचे असतात.

दोन ठशांमध्ये चकती न येता ते एकमेकांवर आदळले, तर दोघांवर एकमेकांची फिकट छाप बसते. पुढच्या नाण्यांवर सिंहाच्या आजूबाजूच्या मोकळ्या जागेत मागच्या बाजूच्या चित्राची भुतासारखी उंच रेषा दिसते. शोधायला मजा येते.

चकतीच्या चुका: कापलेली कड

पट्टीतून चकत्या कापताना पट्टी नीट सरकली नाही, तर आधीच्या भोकावर पुढचा कट पडतो आणि चकतीला चंद्रकोरीसारखा चावा बसतो. हे नाणं खरं की कानशीने कापलेलं, हे ओळखायचा उत्तम मार्ग म्हणजे चाव्याच्या अगदी समोरच्या कडेकडे बघणं. कड उचलणाऱ्या यंत्रात चकती दोन बाजूंनी दाबली जाते. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही आणि तिथली किनार कमकुवत, पसरट राहते. खऱ्या कापलेल्या नाण्यात ही खूण बहुतेक वेळा असते. शिवाय चाव्याजवळची अक्षरं त्या रिकाम्या बाजूला ओघळल्यासारखी ताणलेली दिसतात, कारण नाणं पाडताना तिथे धातूला अडवणारं काही नव्हतं. नंतर कापलेलं नाणं असेल तर अक्षरं चाकूने सफरचंद चिरावं तशी सरळ तुटतात आणि समोरची किनार ठणठणीत असते. मला स्वतःला ही तपासणी फार आवडते. चुकीचा पुरावा चुकीच्या जागी नसून तिच्या बरोबर समोर सापडतो.

दणक्याच्या चुका

चकती ठशांच्या मधोमध बसली नाही तर चित्र एका बाजूला सरकतं आणि उरलेला भाग कोरा राहतो. यालाच ऑफ सेंटर म्हणतात. वजन पूर्ण भरतं, आणि कोऱ्या भागावर चकतीची मूळ उचललेली कड दिसते. अशा नाण्यावर वर्ष वाचता येत असेल तर त्याला जास्त मागणी. कॉलर बसलीच नाही तर नाणं मोठं, पसरट आणि बिनखाचांचं होतं, पण वजन तेवढंच राहतं. रुळावर ठेवून रेल्वेखाली चेपलेली नाणी नाशिकरोडच्या बाजूला लहानपणी कुणी पाहिली नाहीत? तीही पसरट असतात, पण त्यांचं चित्र दोन्ही बाजूंनी चेपून लांबुळकं झालेलं असतं. कॉलरशिवाय पाडलेल्या नाण्यातलं मधलं चित्र मात्र टवटवीत असतं.

आता लक्खी. बाजारात ब्रोकेजला हाच शब्द चालतो. पाडलेलं नाणं एका ठशाला चिकटून राहिलं आणि त्याच्याखाली नवी चकती आली, तर त्या चकतीच्या एका बाजूला बरोबर चित्र येतं. दुसऱ्या बाजूला चिकटलेल्या नाण्याचं तेच चित्र उलटं आणि खोलगट उमटतं. एका बाजूला सिंह, मागे आरशातला खोल सिंह. दिसायला विलक्षण, म्हणून खोटं करणारेही भरपूर.

एका प्रदर्शनात मी स्वतः असं एक रुपयाचं नाणं घेतलं होतं. विक्रेता ओळखीचा नव्हता, गर्दी होती, आणि मी दिवा फिरवून बघितलं नाही. घरी येऊन बाजूच्या प्रकाशात धरलं तेव्हा खोलगट सिंहाच्या आतून मूळचा '१' हा आकडा आणि शेजारची धान्याची कणसं चेपलेल्या अवस्थेत डोकावत होती. दोन नाणी शिकंजात आवळून केलेलं काम होतं ते. खऱ्या लक्खीत ती बाजू कोऱ्या चकतीवर उमटलेली असते, तिथे मागचं चित्र कधी नव्हतंच, त्यामुळे त्याचा मागमूसही असू शकत नाही. वाईट वाटलं, पण ते नाणं मी टाकलं नाही. घरी येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाच्या हातात आधी तेच देतो आणि विचारतो, काय दिसतंय?

दहा रुपयांच्या नाण्यातला मधला गोल फिरलेला दिसला तर असाच विचार करा. कडं आणि मधला गोल एकत्र आल्यावर दोघांवर एकाच ठशाचा दणका बसतो. म्हणून मधले सिंह तिरके आणि कड्यावरचं 'भारत' सरळ, असं टाकसाळीत होणं शक्य नाही. कुणीतरी गोल ठोकून काढलाय आणि फिरवून परत बसवलाय. मधला गोल आणि कड्याची जागाच चुकली असेल, पण चित्र दोघांवरून सलग गेलं असेल, तर मात्र लक्ष देऊन बघा.

जे चूक नाही

१९८५ च्या एक रुपयाच्या काही नाण्यांवर बारीक 'एच' असतो. ती बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीची खूण. तेव्हा टंचाईमुळे नाणी परदेशात पाडून आणली होती. दहा रुपयांच्या नाण्यावर रुपयाचं चिन्ह नाही किंवा रेघा दहाऐवजी पंधरा आहेत म्हणून ते चुकलेलं वा खोटं ठरत नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच सांगितलं होतं, की तोवर दहाची १४ प्रकारची नाणी निघाली होती आणि सगळी चालतात.

जुन्या नाण्यांना तर आजच्या यंत्राचे नियम लावूच नका. आपल्याच जिल्ह्यातला चांदवडी रुपया घ्या. हाताने, हातोड्याने पाडलेला. ठसा चकतीहून मोठा, त्यामुळे मजकूर अर्धाच येणार आणि चित्र सरकलेलंच असणार. त्याला ऑफ सेंटर म्हणून विकणारा माणूस एक तर अजाण आहे किंवा तुम्हाला अजाण समजतो आहे. चांदीच्या रुपयांवरचे छोटे छोटे टोचे सराफांनी चांदी पारखताना मारलेले असतात. आणि गळ्यातल्या माळेसाठी लावलेली कडी काढून टाकली की कडेला डाग दिलेली जागा उरते, तीही बघून ठेवा.

दुहेरी छापेचं सगळ्यात मोठं उदाहरण तर आपल्या दाराशी आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० हून अधिक नाणी. ती क्षत्रप नहपानाची होती, आणि त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता: एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला उज्जयिनी चिन्ह, म्हणजे अधिकाच्या खुणेच्या चार टोकांना चार वर्तुळं. खाली नहपानाचा चेहरा अजून दिसतो. नवखा माणूस त्याला डबल स्ट्राइक, म्हणजे चुकून दोनदा दणका बसलेलं नाणं, म्हणेल. पण ते जाणूनबुजून केलेलं होतं. जिंकलेल्या राजाने हरलेल्याच्या पैशावर स्वतःचं नाव चढवलं. त्याच नहपानाच्या जावयाचे आणि गौतमीपुत्राच्या आईचे लेख पांडवलेण्यांत कोरलेले आहेत. ते वाचून आल्यावर ती नाणी वेगळीच दिसतात. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था १९८० साली उभी राहिली, डॉ. परमेश्वरीलाल गुप्तांसारखा मोठा अभ्यासक तिच्याशी जोडलेला होता. नाशिकमध्ये राहून नाण्यांचा नाद लागणं हे भाग्यच आहे असं मला मनापासून वाटतं.

विकत घेण्याआधी

पहिले सहा महिने विकत काहीही घेऊ नका. घ्यायचंच झालं तर नाणं हातात घेऊन, वजन करून, दिवा फिरवून घ्या. नुसत्या फोटोवर कधीही नाही. 'हे नाणं असेल तर लाखो मिळतील' अशा जाहिराती करणारे आधी नोंदणीचे किंवा कराचे पैसे मागतात. काही जण तर रिझर्व्ह बँकेचं नाव वापरतात. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे, की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कुणाकडून शुल्कही घेत नाही. किरकोळ तडा किंवा एखादं गायब अक्षर याला फारशी किंमत नसते, हेही आधीच मनाशी धरा. आणि 'बघू कसं होतं' म्हणून स्वतः नाणी कापून-वितळवून प्रयोग करू नका. नाणं वितळवायला किंवा नष्ट करायला २०११ च्या नाणे कायद्याने बंदी आहे.

वही

सापडलेल्या प्रत्येक नाण्याची नोंद करा: तारीख, कुठे मिळालं, प्रकार, वर्ष, टाकसाळ, वजन, व्यास, आणि चकती, ठसा, दणका यांपैकी कोणता टप्पा वाटतो आणि का. नाणं कागदी होल्डरमध्ये ठेवा. स्वस्त प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटांत पावसाळ्यानंतर नाण्यांवर हिरवट चिकट थर येतो. जाणत्या माणसाला फोटो पाठवताना दोन्ही बाजू, कडेचा फोटो आणि काट्यावरचं वजन असं सगळं एकत्र पाठवा, म्हणजे त्याला अंदाज बांधत बसावं लागत नाही.

माझ्या वहीत शेवटची काही पानं 'कळत नाही' या नावाची आहेत. ज्या नाण्याचा टप्पा सांगता आला नाही ते तिथे जातं. पाच रुपयांच्या एका पिवळ्या नाण्याच्या कडेला निम्म्या भागातच खाचा आहेत, वजन ६.०१ ग्रॅम. कॉलर वर अडकून अर्धवट बसली असावी असं मला वाटतं. पण तसं असेल तर एका बाजूच्या किनारीला पायरी दिसायला हवी, आणि ती मला अजून स्पष्ट दिसलेली नाही. रामकुंडावरचा तो मुलगा आता कधीमधी घरी येतो. मागच्या वेळी त्याने हे नाणं खिडकीपाशी नेऊन बराच वेळ फिरवून बघितलं आणि माझ्याकडे व्हर्नियर मागितला.